इंटरनेटवरची जुनी छायाचित्रे: मूळ प्रत कुठे शोधावी आणि ती कशी पाहावी?

धंतोलीकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी.

आमच्या घरी रात्रीची जेवणे आटोपली की टीव्हीला लॅपटॉप जोडून एखादे जुने छायाचित्र मोठ्या पडद्यावर लावायचे आणि तिघांनी मिळून ते निवांत पाहायचे, असा क्रम पडून गेला आहे. सासूबाईंनी ऐंशी ओलांडली असून त्यांचे माहेर नागपूरच्या महाल भागातले. मुलगा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आणि बँकेतून घरी परतताना मला ओढ असते ती या तासाभराचीच. राजवाडे, किल्ले आणि गव्हर्नरांच्या स्वाऱ्या यांपेक्षा चित्राच्या कडेला उभी असलेली माणसे आम्हाला अधिक खिळवून ठेवतात. दुकानाच्या फळीवर पाय सोडून बसलेला मुलगा असो की टांग्याच्या घोड्यापुढे टाकलेला चारा असो, सासूबाईंना तेवढे निमित्त पुरते. परवा एका चित्रातल्या कंदिलावरून त्यांनी जी सुरुवात केली, ती कंदिलाची काच राखेने कशी पुसायची, वात कशी कातरायची, घासलेट कुठून यायचे, इथपर्यंत गेली, आणि एरवी दोन वाक्यांत बोलणे संपवणारा मुलगा शेवटपर्यंत ऐकत बसला होता.

अडचण अशी आहे की आमच्याकडे येणारी बहुतेक छायाचित्रे व्हॉट्सॲपवरून येतात. मोठी केली की ती फुटतात, दुकानाच्या पाट्या वाचता येत नाहीत, आणि खाली कुणीतरी ‘१८९० चे नागपूर’ एवढेच लिहिलेले असते. ते नागपूर आहे की कानपूर, आणि १८९० आहे की १९४०, हे ठरवायला आमच्यापाशी काही साधन नाही. अलीकडे तर कृष्णधवल चित्रे रंगवून पाठवण्याची लाट आली आहे. मुलाला ती आवडतात. सासूबाई मात्र लुगड्यांचे रंग पाहून लगेच मान हलवतात.

जाणकारांना माझी विनंती आहे की मूळ, मोठ्या आकाराच्या प्रती कुठे मिळतात, चित्राखालच्या सालावर कितपत विसंबावे आणि रंगवलेल्या चित्रांकडे कसे पाहावे, याबद्दल सविस्तर सांगावे. आम्ही अभ्यासक नाही, पण पाहायचे तर नीट पाहावे अशी फार इच्छा आहे.

निवृत्त ग्रंथपाल

ताई, तुमच्या घरचा क्रम वाचून मनापासून आनंद झाला. आयुष्यभर संग्रहांच्या याद्या करण्यात गेल्यामुळे मी पहिल्या प्रश्नापुरते लिहितो.

फिरत आलेल्या चित्राने वाटेत दोन गोष्टी गमावलेल्या असतात: आकार आणि मूळ नोंद. संग्रहालयाच्या किंवा ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर त्या दोन्ही मिळतात. सुरुवात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसपासून करावी, कारण तिथे पुष्कळ चित्रांच्या टिफ स्वरूपातल्या (चित्राचा बारकावा न गमावता साठवणाऱ्या) अतिशय मोठ्या प्रती विनामूल्य उतरवून घेता येतात. त्याच ग्रंथालयाच्या सहभागाने जानेवारी २००८ मध्ये फ्लिकर या संकेतस्थळावर ‘द कॉमन्स’ हा उपक्रम सुरू झाला, आणि पुढे जगभरच्या अनेक संस्थांनी स्वामित्वहक्काचे कोणतेही ज्ञात बंधन नसलेली आपली छायाचित्रे तिथे ठेवली. विकिमीडिया कॉमन्सवर यांतली बरीच चित्रे ठिकाणांनुसार वर्गवारी करून मिळतात. भारतासंबंधीचा फार मोठा साठा लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे; मात्र ऑक्टोबर २०२३ मधील सायबर हल्ल्यात तिथल्या ऑनलाइन सेवा कोलमडल्या होत्या, तेव्हा जुने दुवे उघडले नाहीत तर चित्रच नाहीसे झाले असे समजू नये.

नागपूरची चित्रे शोधताना आजच्या स्पेलिंगवर थांबू नका. जुन्या इंग्रजी नोंदींत नागपूरच्या शेवटी पी-ओ-आर-ई किंवा पी-ओ-ओ-आर अशी अक्षरे सापडतात, सीताबर्डीचे तर चार प्रकार होतात, आणि कित्येक चित्रे शहराच्या नावाखाली न लावता ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस’ या प्रांताच्या नावाखाली लावलेली असतात. कामठीला छावणी असल्यामुळे तिथे काढलेली चित्रे पलटणींच्या अल्बममध्ये दडलेली असू शकतात, म्हणून कामठी हा शब्दही वेगळा टाकून पाहावा.

तुमच्या मोठ्या पडद्यासाठी आणखी एक संग्रह आवर्जून सुचवतो, जरी तो रशियाचा असला तरी. सर्गेई प्रोकुदिन-गोर्स्की या छायाचित्रकाराने १९०९ ते १९१५ या काळात रशियन साम्राज्यभर फिरून रंगीत छायाचित्रे काढली. रंगीत फिल्म हाताशी नसल्याने तो एकाच दृश्याची लागोपाठ तीन कृष्णधवल चित्रे काचेवर घेत असे, एक लाल, एक हिरव्या आणि एक निळ्या गाळणीतून, आणि मग तिन्ही प्रतिमा एकमेकींवर पाडून रंग दाखवत असे. हा संग्रह लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९४८ मध्ये त्याच्या मुलांकडून विकत घेतला आणि पुढे संगणकावर तिन्ही प्रतिमा जुळवून चित्रे सर्वांसाठी खुली केली. चित्र पूर्ण मोठे करून नदीच्या पाण्याकडे पाहा. तीन चित्रांच्या मधल्या काही क्षणांत पाणी हलल्यामुळे लाटांच्या कडांना लाल, हिरव्या, निळ्या रेघा उमटलेल्या दिसतात. एखादे मूल स्थिर उभे राहिले नसेल तर त्याच्या हाताभोवतीही तेच रंग दिसतात. तुमच्या मुलाला यामागचे तंत्र सहज समजेल आणि बाकीचे तो तुम्हा दोघींना समजावून सांगेल.

याच जातीचा दुसरा खजिना पॅरिसजवळच्या आल्बेर कान संग्रहालयाचा. कान या धनिकाने १९०९ ते १९३१ या काळात जगभर छायाचित्रकार पाठवून सुमारे ७२,००० रंगीत काचा जमवल्या. त्यांत भारतही आहे, आणि संग्रहालयाने त्या ऑनलाइन पाहण्यासाठी ठेवल्या आहेत.

काचपाटी

वरच्या प्रतिसादात जोडण्यासारखे माझ्याकडे तंत्राचे आहे. आमचा पिढीजात स्टुडिओ होता आणि काचेच्या पाट्या धुण्याचे काम मी लहानपणी वडिलांच्या हाताखाली पाहिले आहे.

रंगवलेल्या चित्रांबाबत सासूबाईंची शंका योग्य आहे, आणि तिचे कारण रसायनात आहे. एकोणिसाव्या शतकातल्या काचा मुख्यतः निळ्या प्रकाशालाच दाद देत असत. त्यामुळे आकाश जळून पांढरे पडे आणि त्यातले ढग नाहीसे होत. लाल आणि पिवळा हे रंग मात्र काळे उतरत. म्हणजे कपाळावरचे लालभडक कुंकू आणि काजळाची तीट यांत त्या काचेवर फरक राहत नाही. आपल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मिरवणूक तशा काचेवर टिपली, तर काळी मारबत आणि पिवळी मारबत हे दोन्ही पुतळे साधारण सारखेच काळपट दिसतील! आता असे चित्र रंगवणाऱ्या संगणकाला त्या करड्या छटेमागे मूळ रंग कोणता होता हे कळण्याचा मार्गच नाही. त्याने पूर्वी पाहिलेल्या लाखो रंगीत चित्रांवरून तो एक शक्य वाटणारा रंग भरतो, आणि ती चित्रे बहुधा आपल्याकडच्या लुगड्यांची नसतात. म्हणून रंगवलेल्या जुन्या चित्रांत सगळीकडे तोच मळकट तपकिरी आणि फिकट निळा दिसतो. मुलाला ती आवडत असतील तर त्याने जरूर पाहावीत, पण शेजारी मूळ कृष्णधवल प्रत उघडी ठेवावी, आणि पुढे पाठवताना ‘संगणकाने रंगवलेले’ असे स्पष्ट लिहावे.

रंग भरण्याची हौस मात्र आजची नाही. आपल्याकडच्या स्टुडिओंत एकोणिसाव्या शतकापासून कागदी प्रतींवर हाताने रंग चढवत, शेल्याची जर सोनेरी करत, गालांवर लाली देत. युरोपात १८८० च्या दशकात निघालेल्या फोटोक्रोम पद्धतीत कृष्णधवल निगेटिव्हवरून दगडी छापखान्याच्या तंत्राने रंगीत चित्रे छापली जात, आणि त्यांतले रंग कारागिराने ठरवलेले असत. खऱ्या अर्थाने बाजारात आलेली पहिली यशस्वी रंगीत काच म्हणजे ल्युमिएर बंधूंची १९०७ सालची ऑटोक्रोम. तिच्यावर बटाट्याच्या स्टार्चचे रंगवलेले अतिसूक्ष्म कण पसरलेले असत, आणि आल्बेर कानच्या संग्रहातल्या काचा याच जातीच्या आहेत. तेव्हा १८९० चे ‘रंगीत’ नागपूर समोर आले, तर रंग नंतर कुणीतरी दिलेला आहे हे गृहीत धरूनच पाहावे.

आणखी एक गोष्ट नव्या पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. जुन्या चित्रांतले रस्ते ओस वाटतात, त्यावरून तेव्हा वर्दळ नव्हती असा निष्कर्ष लोक काढतात. वास्तविक काचेला प्रकाश देण्यासाठी कॅमेरा कित्येक सेकंद उघडा ठेवावा लागे, आणि तेवढ्यात चालून गेलेला माणूस काचेवर उमटतच नसे. थोडा थांबलेला माणूस धुरकट उमटे. रस्त्याच्या मधोमध एखादा पारदर्शक ठिपका दिसला तर तो मोठा करून पाहा, पुष्कळदा दोन पाय स्पष्ट असतात आणि वरचा देह विरलेला असतो, कारण पाय जागेवर होते आणि माणूस मान वळवून बोलत होता.

१८५१ मध्ये जाहीर झालेल्या ओल्या कलोडियनच्या (काचेवर चिकट रसायनाचा थर देण्याच्या) पद्धतीत तर काच ओली असेपर्यंतच चित्र घेऊन ती धुवावी लागे, म्हणून छायाचित्रकार अंधाराचा तंबू, रसायनांच्या बाटल्या आणि पाणी बरोबर घेऊन हिंडत. मे महिन्याच्या नागपुरात ती काच किती झटकन सुकत असेल!

इतवारीकर

सालाचा प्रश्न मी घेतो, कारण नागपूरपुरते तरी आपल्या शहराच्या इमारती आणि पाट्या याबाबत चांगली साक्ष देतात.

चित्रात आजच्या रेल्वे स्थानकाची दगडी इमारत दिसत असेल, तर ते चित्र १९२५ च्या आधीचे असू शकत नाही, कारण ही वास्तू १५ जानेवारी १९२५ रोजी सुरू झाली. नागपूरला गाडी त्याच्या कितीतरी आधी, १८६७ मध्ये आली होती, त्यामुळे ‘जुने स्टेशन’ म्हणून फिरणारे प्रत्येक चित्र तपासून घ्यावे. हेन्री मेड यांनी आराखडा केलेली उच्च न्यायालयाची घुमटाची इमारत दिसली तर काळ १९४० च्या आसपासचा किंवा नंतरचा. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली, तेव्हा तिच्या चिमणीसह दाखवलेले ‘१८६५ चे नागपूर’ सरळ बाजूला ठेवावे. दीक्षाभूमीच्या बाबतीत तर ही गल्लत वारंवार होते: १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेचे म्हणून पाठवलेल्या चित्रात मागे भव्य स्तूप दिसतो, आणि त्या स्तूपाचे उद्घाटन २००१ मध्ये झाले आहे.

मला स्वतःला सर्वांत गोडी आहे ती पाट्या वाचण्याची. आपल्या शहराचे राज्य इतक्या वेळा बदलले की दुकानाची पाटी किंवा कचेरीचा फलकच तारीख सांगून जातो. ‘सी. पी. अँड बेरार’ (मध्य प्रांत व वऱ्हाड) असे लिहिलेले असेल तर चित्र बहुधा १९५० च्या आधीचे असते. पाटीवर ‘मध्यप्रदेश’ असेल तर जबलपूरचा संशय लगेच घेऊ नये. १९५० पासून ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत नागपूर ही मध्यप्रदेशाची राजधानी होती, आणि असा फलक मिळाला की जेमतेम सात वर्षांचा काळ हाती लागतो. त्यानंतर १ मे १९६० पर्यंत आपण मुंबई राज्यात होतो. जुनी पाटी कुणी लगेच उतरवत नाही, त्यामुळे दोन-चार वर्षे इकडेतिकडे धरावीत. अर्थात हे सारे मोठ्या आकाराच्या प्रतीवरच जमते, आणि म्हणून ग्रंथपालसाहेबांचा सल्ला आधी पाळावा.

चित्र मुळात कुठून आले हे पाहायचे असेल तर गुगल लेन्समध्ये किंवा टिनआय या संकेतस्थळावर ते टाकावे. टिनआयमध्ये सर्वांत जुनी नोंद आधी दाखवण्याची सोय आहे, आणि चित्राची पहिली फिरती प्रत कोणत्या मजकुरासह आली होती याचा माग तिथून लागू शकतो.

वर्ध्याची वाचक

धंतोलीकर ताई, कडेच्या माणसांकडे पाहण्याची तुमची रीत मला फार मोलाची वाटली, आणि त्याच कारणासाठी दोन संग्रहांबद्दल लिहावेसे वाटते.

पहिला अगदी आपल्या दारातला. गांधीजींचे पुतणनातू कनू गांधी यांनी १९३८ ते १९४८ या काळात त्यांची छायाचित्रे काढली, आणि त्यांतली कितीतरी सेवाग्रामची आहेत. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांतून त्यांनी रोलायफ्लेक्स कॅमेरा घेतला. गांधीजींच्या अटी तीन होत्या: फ्लॅश वापरायचा नाही, कधीही ‘असे बसा’ म्हणून सांगायचे नाही आणि आश्रमाने खर्च करायचा नाही. या अटींमुळे त्या चित्रांना जे लाभले ते सभांच्या चित्रांत सापडत नाही. कुडाच्या भिंतीवर पडलेला उन्हाचा कवडसा, दाराच्या उंबऱ्यावर काढून ठेवलेल्या चपला, टेलिफोन कानाला लावून बसलेले बापू, आणि हलत्या हाताची धूसर रेघ, कारण घरातल्या अपुऱ्या उजेडात तेवढेच शक्य होते. गांधीजींच्या छायाचित्रांच्या ऑनलाइन संग्रहांत छायाचित्रकार म्हणून कनू गांधी हे नाव टाकले की ती पाहता येतात. सासूबाईंना तिथल्या बाज, सूप, माठ अशा वस्तू ओळखायला सांगा, आणि जमल्यास तुम्ही तिघे एकदा सेवाग्रामला येऊन त्याच कुटीसमोर उभे राहा. तो टेलिफोनही तिथे जपून ठेवलेला आहे.

दुसरा संग्रह पाहताना मन थोडे जड होते, तरी तो पाहावा असेच मी म्हणेन. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर लिहिलेला चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर चित्रांसह मोफत वाचता येतो. चाकावर मडके घडवणारा कुंभार, कापूस पिंजणारा पिंजारी, अशी आपल्या भागातल्या कष्टकऱ्यांची चित्रे त्यात आहेत. धनुकलीची तात, तिच्याखालचा कापसाचा ढीग आणि ती धरलेला हात यांकडे कितीही वेळ पाहत राहावे. परंतु चित्राखाली त्या माणसाचे नाव नाही, केवळ जात आणि धंदा आहे. त्याच्या आधी, १८६८ ते १८७५ या काळात निघालेल्या आठ खंडांच्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या सरकारी मालिकेत तर माणसांची वर्गवारी करणे हाच उद्देश होता, आणि तिथली वर्णने वाचताना राज्यकर्त्याची नजर ओळीओळीतून जाणवते. मला वाटते, अशा वेळी खालचा मजकूर एकदा वाचून घ्यावा आणि मग बाजूला ठेवून त्या माणसाच्या चेहऱ्याकडे, हातांकडे, कामाच्या साधनाकडे पाहावे. त्याला कुणी विचारून उभे केले असेल का, उन्हात किती वेळ थांबवले असेल, कामाचा खाडा झाला असेल का, असे प्रश्न आमच्या घरी आपोआप निघतात आणि त्यांवर बोलणे होते.

काचपाटी यांना मात्र एका मुद्द्यावर पुस्ती जोडते. रंगवलेले चित्र पाहून सासूबाई मान हलवतात, त्याच क्षणी त्यांना खरा रंग विचारायला हवा. कोणत्या वयाच्या बाईच्या अंगावर कोणते लुगडे असे, काठ केवढा, पदर कसा, हे त्यांना ठाऊक आहे, आणि ही माहिती कोणत्याही संग्रहालयाच्या नोंदीत सापडायची नाही.

धंतोलीकर

सर्वांचे अगदी मनापासून आभार. काल रात्री प्रोकुदिन-गोर्स्कीची चित्रे लावली. नदीच्या लाटांवरच्या रंगीत रेघा दिसताच मुलगा उठून पडद्याजवळ गेला आणि तीन चित्रांचे गणित त्याने आम्हाला कागदावर काढून दाखवले. सासूबाईंना रशियातल्या शेतकरी मुलींच्या हातातल्या परड्या आवडल्या. असल्याच परड्या आपल्याकडे बुरूड विणत, असे त्या म्हणाल्या.

वर्ध्याच्या ताईंचे शेवटचे वाक्य वाचल्यावर आणखी एक विचारावेसे वाटते. सासूबाईंच्या ट्रंकेत माहेरचा एक अल्बम आहे. काळ्या जाड पानांवर कोपऱ्यांच्या खाचांत बसवलेली छायाचित्रे असून काहींच्या मागे सीताबर्डीच्या एका स्टुडिओचा शिक्का आणि पेन्सिलीने घातलेला आकडा आहे. हा अल्बम संगणकावर घेऊन इतरांनाही पाहता यावा असे आम्हाला वाटते. त्यासाठी काय काळजी घ्यावी?

काचपाटी

ताई, पेन्सिलीचा तो आकडा बहुधा निगेटिव्हचा क्रमांक असावा. स्टुडिओवाले वहीत त्याच क्रमांकापुढे गिऱ्हाइकाचे नाव आणि तारीख लिहून ठेवत, म्हणजे पुन्हा प्रत मागायला आले की काच शोधता येई. म्हणून प्रत्येक छायाचित्र दोन्ही बाजूंनी स्कॅन करा. मागची बाजू निरुपयोगी समजून सोडू नका.

मोबाइलने फोटो काढण्यापेक्षा सपाट स्कॅनर वापरावा. पोस्टकार्डाएवढ्या चित्रासाठी ६०० डीपीआय (दर इंचाला ठिपके) ठेवावे, लहान पासपोर्ट आकारासाठी १२००, आणि मूळ फाइल टिफमध्ये जपून पाठवण्यासाठी वेगळी जेपीजी करावी. चित्र कृष्णधवल असले तरी स्कॅन रंगीत करा, म्हणजे कागदाची पिवळट छटा आणि शाईचे डाग नोंदले जातात. कोपऱ्यांतून चित्र निघत नसेल तर ओढू नका, पानासकट स्कॅन करा. लॅमिनेशन मुळीच करू नये, आणि मागे बॉलपेनने लिहू नये, कारण दाबाची रेघ पुढच्या बाजूला उमटते; मऊ पेन्सिल पुरते.

नावे मात्र आजच विचारायला घ्या. चित्र पडद्यावर मोठे करून सासूबाईंना डावीकडून उजवीकडे एकेक माणूस सांगायला लावा, मुलाला मोबाइलवर त्यांचा आवाज नोंदवू द्या, आणि लुगड्यांचे रंगही त्यातच येऊ द्या. फाइलच्या नावात अंदाजे साल, ठिकाण आणि पेन्सिलीचा क्रमांक लिहिला की पुढे शोधणे सोपे जाते. इतरांसाठी विकिमीडिया कॉमन्सवर ठेवायचे असेल तर स्वामित्वहक्काचे नियम आधी वाचावेत आणि चित्रात हयात असलेल्या नातेवाइकांना विचारावे. घरगुती प्रसंगांऐवजी रस्ता, दुकान, मिरवणूक, शाळा अशी चित्रे आधी निवडावीत.

अल्बममध्ये मारबतीचे किंवा तान्ह्या पोळ्याचे एखादे चित्र निघाले, तर इतवारीकरांना पाट्या वाचता येतील एवढ्या मोठ्या आकारात ते इथे अवश्य लावा.